शनिवार, सात ते आठ

फॉर्ममधला सातवा प्रश्न असा होता : ‘पॅरिस, सोल किंवा साओ पावलोमधल्या प्रेक्षकाने तुमची मालिका का पाहावी?’ खाली उत्तरासाठी दोन हजार अक्षरांची जागा होती. वेन्लाने बराच विचार करून लिहिलं, ‘पाहायलाच हवी असं काही नाही.’ मग ते तिला जरा तुसडं वाटलं, म्हणून पुढे जोडलं, ‘पण वेळ असेल तर हरकत नाही.’

एक हजार नऊशेच्या वर अक्षरं शिल्लक राहिली. त्यांचं काय करायचं ते तिला सुचेना. शेजारी उंच खुर्चीत नऊ महिन्यांची लेम्पी ओटची लापशी कानात भरत होती.

“हे काय लिहिलंयस?” नवऱ्याने, साम्प्साने, तिच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

“खरं ते लिहिलंय.”

“खरं आहे गं, पण जरा फुशारकी वाटते. ‘वेळ असेल तर’ म्हणजे जगात लोकांना आपल्यासाठी वेळ असतो, असं गृहीत धरल्यासारखं होतं.” तो थोडा थांबला. “त्यात ट्राम आहे का?”

साम्प्सा तांपेरे शहरातली ट्राम चालवायचा.

“नाही.”

“एखादी असावी. सगळं जग बसतं ट्राममध्ये.”

गोष्ट अशी होती, की सरकारी निधी कार्यालयाने यंदा एक नवी योजना काढली होती. जगभरच्या प्रेक्षकांसाठी ‘महत्त्वाकांक्षी’ मालिका लिहिणाऱ्याला आठ महिने घरी बसून नुसतं लिहिण्याचा पगार मिळणार होता. कॅमेरे नकोत, नटनट्या नकोत. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. वेन्ला पटकथा शिकून पदवी घेतलेली मुलगी, पण पोटापाण्यासाठी एका विमा कंपनीत पाणीगळतीचे दावे नाकारणारी पत्रं लिहायची. फार सुंदर लिहायची. एका गृहस्थांनी तर तिचं नकाराचं पत्र वाचून आभाराचं कार्ड पाठवलं होतं. तिची बाळंतपणाची रजा एक एप्रिलला संपत होती. त्या दिवशी एक तर पाणीगळती, नाही तर मालिका. अर्ज भरायला शुक्रवारी दुपारी चारपर्यंत मुदत होती आणि आज सोमवार होता.

मालिका मात्र तिच्या डोक्यात तीन वर्षं तयार होत होती. एका हाउसिंग सोसायटीच्या तळघरातला सौना, म्हणजे घाम गाळत बसायची तापवलेली लाकडी खोली. त्यात प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास ठरलेला. सगळ्यांत मोलाची वेळ शनिवार संध्याकाळी सात ते आठ. तो तास ज्याच्याकडे आहे, तो माणूस एके शनिवारी नाहीसा होतो. पोलीस यायच्या आत त्या वेळेसाठी तीन जणांनी यादीत नावं लिहिलेली असतात. बस्स, एवढंच, पण एवढ्यात सहा भागांचं काय काय होतं, हे वेन्लालाच माहीत. लेम्पीला पाजताना, झोपवताना, तिचा श्वास नीट चाललाय ना हे दर चार मिनिटांनी बघताना तिने एकेक प्रसंग बांधला होता.

अडचण अशी होती, की सोसायटी तिच्याच सोसायटीसारखी होती. सौनाही तोच. आणि फॉर्मच्या परिशिष्ट चारमध्ये म्हटलं होतं, की गोष्ट खऱ्या इमारतीवर बेतलेली असेल तर त्या इमारतीची लेखी संमती जोडावी.

अध्यक्ष रायमो हिएताला तिला जिन्यातच भेटले. ते दिव्याचा बल्ब बदलत नव्हते. बल्ब किती दिवस टिकला ते वहीत लिहीत होते. बावीस वर्षं अध्यक्ष होते. वेन्लाने हातातली पानं पुढे केली आणि एका दमात सगळं सांगितलं.

“नाहीसा होतो म्हणजे?” हिएतालांनी विचारलं.

“म्हणजे... सापडत नाही.”

“कोणत्या वारी?”

“शनिवारी.”

“किती वाजता?”

वेन्लाने छताकडे पाहिलं. “सात ते आठच्या सुमाराला.”

“ती वेळ माझी आहे.”

“गोष्टीतला माणूस वेगळा आहे, रायमो. त्याला मिशा आहेत.”

“मिशा काय, मी मनात आणलं तर महिन्याभरात येतील.” त्यांनी पानं घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर उतरवला. “आणि हे ‘महत्त्वाकांक्षी’ कुणी लिहिलं?”

“ते त्यांच्या फॉर्ममध्येच आहे. योजनेचंच नाव आहे ते.”

“असेल. पण आपल्या इमारतीचं नाव जाणार त्यात. उद्या ए जिन्यातले म्हणतील, बी जिना स्वतःला समजतो तरी कोण?” त्यांनी खिशातून पेन्सिल काढून तो शब्द खोडला आणि वर नीट अक्षरात ‘माफक’ लिहिलं. “मला एकट्याला संमती देता येत नाही. सभा घ्यावी लागेल. सभेची सूचना सात दिवस आधी.”

“पण मुदत शुक्रवारी संपतेय!”

“मग तुम्ही पुढच्या वर्षी करा अर्ज,” हिएताला म्हणाले. पण वेन्लाचा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वहीच्या मागच्या पानावरचे नियम उलटसुलट वाचले. “सगळ्या अठरा घरांनी लेखी मान्यता दिली, तर सूचना कमी दिवसांची चालते. दारोदार जाऊन सह्या आणा.”

न बोलावता दुसऱ्याच्या दाराची घंटा वाजवायची! वेन्ला या इमारतीत पाच वर्षं राहत होती आणि तिने आजवर कुणाची घंटा वाजवली नव्हती. तिचीही कुणी वाजवली नव्हती. पहिल्या मजल्यावर पाणी शिरलं तेव्हासुद्धा शेजाऱ्याने दारात चिठ्ठी ठेवली होती.

ती लेम्पीला पोटाशी बांधून निघाली. पहिल्या दाराची घंटा वाजताच आतला रेडिओ बंद झाला. दुसऱ्या घरातला दिवा गेला. तिसऱ्या दारामागे कुणीतरी श्वास रोखून उभं असल्याचं तिला स्पष्ट कळत होतं, कारण त्या जागी तीही अशीच उभी राहिली असती. शेवटी तिने युक्ती केली. कागद दाराच्या पत्रांच्या फटीतून आत सरकवायचा आणि चार पावलं मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मग सह्या भराभर येऊ लागल्या. तळमजल्यावरच्या कौकोच्या दारातून सहीचा कागद बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग एक गोठवलेला पर्च मासा. कौको गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचा. त्याला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, पण मासा हा संमतीचाच प्रकार असावा, असं वेन्लाने धरलं.

दार फक्त इर्मेलीबाईंनी उघडलं. त्या निवृत्त ग्रंथपाल होत्या आणि खुनाच्या कादंबऱ्या त्यांनी कपाटात देशांप्रमाणे लावलेल्या होत्या.

“ये, ये. प्रेत कितव्या मिनिटाला आहे?”

“प्रेत नाहीच आहे हो. तो नुसता नाहीसा होतो.”

“अगं, प्रेताशिवाय परदेशात कोण बघणार? दहाव्या मिनिटाच्या आत प्रेत हवं आणि ते बर्फात हवं. मी सत्तेचाळीस वर्षं वाचतेय.” त्यांनी सही केली आणि दालचिनीचा बन तिच्या हातात कोंबला. “आणि पोलीस बाई हवी. दुःखी. स्वेटर घातलेली.”

“मला वाटलं, दुःखी कुणी नसावं.”

“दुःखी नाही आणि प्रेतही नाही? मग ही विनोदी मालिका झाली!” इर्मेलीबाई अशा स्वरात म्हणाल्या, की जणू लेम्पीला गोवर निघालाय.

संध्याकाळपर्यंत जिन्याच्या नोटिसबोर्डावर हिएतालांच्या सुवाच्य अक्षरात सूचना लागली होती :

‘कुणीतरी आपल्या इमारतीवर मालिका लिहीत आहे. त्या व्यक्तीला संकोच वाटू नये म्हणून नाव देत नाही. (बी जिना, तिसरा मजला, बाबागाडीवाले घर.) विशेष सभा बुधवारी सहा वाजता, कपडे धुण्याच्या खोलीत. त्या वेळेत मशीन लावू नये.’

खाली पेन्सिलीने निनावी शेरे उमटू लागले. ‘खुनी ए जिन्यातला असावा.’ त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘का?’ त्याखाली पहिल्याच हस्ताक्षरात, ‘तुम्हीच विचार करा.’ वेन्लाने जाता-येता ते वाचलं, आणि हे सगळं आपण दुसऱ्या भागात घ्यायला हवं, असा विचार मनात आल्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटली.

सभेला अकरा जण आले. प्रत्येक जण दुसऱ्यापासून एकेक वॉशिंग मशीन अंतर सोडून बसला. हिएतालांनी सभा उघडली. मग सभेचा अध्यक्ष निवडला (हिएताला), चिटणीस निवडला, वृत्तांत तपासणारे दोघं निवडले, मतं मोजणारे दोघं निवडले, सभा नियमानुसार भरली आहे असं ठरवलं, कार्यक्रमपत्रिका मंजूर केली. यात पन्नास मिनिटं गेली. मग विषय आला. “चर्चा सुरू,” हिएताला म्हणाले. चार मिनिटं कुणी काही बोललं नाही. “चर्चा संपली,” हिएताला म्हणाले, आणि वेन्ला लेम्पीला घेऊन आनंदाने उठणार एवढ्यात ए जिन्यातल्या एका गृहस्थांनी हात वर केला. झालं! पुढचा एक तास अटी ठरल्या. सौनाचं तापमान पडद्यावर ऐंशी अंशांच्या खाली दिसू नये. सायकलींची खोली आवरल्याशिवाय दाखवू नये. खुनी कोणत्याही जिन्यातला नसावा.

“खून नाहीये त्यात,” वेन्ला म्हणाली.

“तरीही,” गृहस्थ म्हणाले. वृत्तांतात तसंच गेलं : ‘खून नसल्यास तो कुणी केला हे दाखवू नये.’

संमती मात्र मिळाली. हिएताला स्वतःच्याच नाहीसं होण्याच्या बाजूने हात वर करून उभे राहिले तेव्हा वेन्लाला काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण काय म्हणायचं असतं अशा वेळी? ती नुसती मान हलवून वर गेली.

शुक्रवारी दोन वाजता सगळं तयार होतं. मग फॉर्म म्हणाला, सहअर्जदाराने स्वतःच्या बँकेच्या सांकेतिक क्रमांकाने ओळख पटवावी. सहअर्जदार होता साम्प्सा. चमूत निदान दोन माणसं हवीत असा नियम होता, म्हणून वेन्लाने त्याला ‘स्थानिक वाहतूक सल्लागार’ केलं होतं आणि त्याबद्दल चौथ्या भागात एक ट्राम कबूल केली होती. सल्लागार आत्ता ट्राम चालवत होते आणि ड्युटीवर फोन चालकाच्या केबिनमधल्या कपाटात ठेवावा लागे.

बाबागाडी असलेल्याला ट्राम फुकट. वेन्ला चढली आणि चालकाच्या काचेशी जाऊन उभी राहिली. काचेवर लिहिलं होतं, ‘चालकाशी बोलू नये.’ आयुष्यात कधी नियम न मोडलेल्या वेन्लाने लॅपटॉप उघडून काचेला लावला. साम्प्साने आरशातून तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. नियम तोही मोडणारा नव्हता. मागच्या बाकावरच्या आजीबाई ते सगळं बघत होत्या.

“भांडण झालंय का गं?”

“नाही. मालिका आहे.”

“हो, हल्ली असंच म्हणतात,” आजीबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी सरकून जागा केली.

शेवटच्या थांब्यावर ट्राम चार मिनिटं थांबते. त्यातलं एक मिनिट साम्प्सा कपाटातून फोन काढण्यात घालवतो, एक हातमोजे काढण्यात. तीन अठ्ठावन्नला अर्ज गेला. सातव्या प्रश्नाच्या उत्तरात काही फरक करायला वेळच मिळाला नाही. ट्राम परत फिरली तेव्हा वेन्लाच्या लक्षात आलं, की परिशिष्टांमध्ये हिएतालांचं पेन्सिलवालं पानच जोडलं गेलं आहे. म्हणजे कार्यालयाला मिळाला तो जगभरच्या प्रेक्षकांसाठी माफक मालिकेचा अर्ज.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एकशे साठ अर्जांतून नऊ जणांना मुलाखतीला बोलावलं होतं. वेन्ला त्यात होती. मंगळवारी दुपारी एक वाजता, पडद्यावर.

दुपारी एक ही लेम्पीच्या झोपेची वेळ. आणि लेम्पी बाहेर अंगणात झोपायची. इथली सगळीच बाळं झोपतात तशी. बाबागाडीत, लोकरीच्या पोशाखात, पिसांच्या दुलईत, नाक तेवढं बाहेर. बालदवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं, उणे दहाच्या वर असेल तर खुशाल. त्या दिवशी उणे आठ होतं. वेन्लाने तीन थर्मामीटरांवर ते पडताळून पाहिलं, गाडी बरोब्बर खिडकीखाली लावली, गाडीत मॉनिटर ठेवला आणि त्याचा आवाज ऐकायचा डबा घरात लॅपटॉपशेजारी. मग पांढरा शर्ट घातला. खाली पायजमाच होता, आणि पायांत लोकरीचे मोजे.

पडद्यावर तीन चेहरे होते. निधी कार्यालयाच्या तूइरेबाई वेन्लाच्याच देशातल्या. पॅरिसच्या सोलांज आणि लिस्बनचे दुआर्ते हे परदेशी जाणकार. बोलणं इंग्रजीत होतं.

“तर,” सोलांज हसून म्हणाल्या, “तुमच्या मालिकेत असं काय आहे, जे आम्ही आजवर कधीच पाहिलेलं नाही?”

वेन्लाने मनात तीस वेळा घोकलेलं उत्तर होतं. ते तोंडाशी आलं आणि तिथून परत गेलं. “तसं काही फार नाही,” ती म्हणाली.

तूइरेबाईंनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर ठीक वाटलं असावं.

“अर्जात तुम्ही लिहिलंय, की मालिका पाहायलाच हवी असं नाही,” दुआर्ते म्हणाले. “ही विनोदबुद्धी आहे का?”

“नाही. म्हणजे... हो म्हणायचं असेल तर हो.”

सोलांज कागद चाळू लागल्या. दुआर्तेंनी हळूच घड्याळ पाहिलं. एक एप्रिल वेन्लाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. त्याच्या हातात पाणीगळतीची फाइल होती. आणि तेवढ्यात टेबलावरचा डबा खरखरला.

“हळू उपसा की ते बर्फ! वर मुलाखत चाललीय तिची.” हा इर्मेलीबाईंचा आवाज.

“मी उपसत नाहीये. फावडं नुसतं टेकवलंय.” हे हिएताला.

“मग आलात कशाला?”

“थर्मामीटर बघायला. तुम्ही?”

“कचरा टाकायला.”

“पिशवी कुठाय?”

“टाकली.”

वेन्लाने डबा बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. डबा बंद केला तर लेम्पीचा आवाज कसा येणार? “माफ करा,” ती म्हणाली, “ते माझे शेजारी...”

“काय म्हणतायत?” सोलांजनी विचारलं. तूइरेबाईंना कुणी प्रश्न विचारला, की त्या उत्तर द्यायच्या. सरकारी नोकरीच होती. त्यांनी सपाट आवाजात सगळं भाषांतर केलं. पिशवीपर्यंत आल्यावर दुआर्तेंनी घड्याळ बघायचं सोडलं.

“मालिकेत तुम्ही नाहीसे झालात, की पुढचा नंबर माझा आहे हं,” डबा म्हणत होता. “यादी बघा. अकरा वर्षं झाली मला थांबून.”

“मी अजून आहे, इर्मेली.”

“नाही कुठे म्हणतेय मी? घाई नाही मला.”

मग एक तिसराच आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. “आठ मिनिटं.”

“अरे देवा! कौको, तू होय? कसली आठ मिनिटं?”

“रायमो आत आठच मिनिटं बसतो. बाकीचा तास बाहेरच्या बाकावर. माझ्या खिडकीतून दिसतं.”

डब्यात फावडं बर्फावर घासल्याचा आवाज आला.

“माझी लेना होती तेव्हा तास पुरायचा नाही,” हिएतालांचा आवाज आला. “आता एकट्याला आत करायचं काय? पण वेळ सोडवत नाही.”

“मग सांगायचं नाही का? मी कॉफी घेऊन आले असते बाकावर.”

“सांगायचं कसं? बोर्डावर?”

पॅरिसच्या सोलांजनी चष्मा काढून पुसला. “हे नट आहेत का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” वेन्ला म्हणाली. “ते बाळाच्या गाडीपाशी उभे आहेत.”

“बाळ बाहेर आहे?” दुआर्ते खुर्चीतून अर्धे उठले. “या थंडीत? एकटं?”

“झोपलंय,” वेन्ला आणि तूइरेबाई एकदमच म्हणाल्या.

“पोरगी लिहिते मात्र चांगलं,” डब्यातून हिएताला म्हणत होते. “ती पानं मी दोनदा वाचली.”

“मग सांगा की तिला.”

“छे! डोक्यात हवा जाईल.”

तूइरेबाईंनी तेही भाषांतर केलं, एक शब्द न गाळता. वेन्लाचे कान लाल झाले. आणि मग, “छपराकडे बघा,” हिएताला घाईने म्हणाले. “बर्फ सुटायला आलंय. चला, चला, आधी हे...” पुढचं वाऱ्यात गेलं. चाकं करकरली. आणि मग काहीच नाही.

वेन्लाने खिडकीतून खाली पाहिलं. गाडीच्या जागी चार चाकांच्या खुणा होत्या. गाडी नव्हती.

पुढचे तीन मजले ती कशी उतरली हे तिला नंतर आठवेना. सहा भागांत जो माणूस नाहीसा होतो त्याच्यासाठी तिने किती कारणं शोधली होती. आता ती सगळी एकदम आठवली. मोज्यांनिशीच ती बर्फात आली. “लेम्पी! लेम्पी कुठाय?”

“श्श!” तिघांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं. सायकलींच्या छपराखाली, जुन्या जागेपासून चार पावलांवर, गाडी उभी होती. कौको तिच्यापुढे पहारेकऱ्यासारखा उभा होता. आत लेम्पीचं नाक नेहमीसारखं गुलाबी. वेन्लाने तिच्या नाकाशी हात धरून श्वास पाहिला. त्याच क्षणी इमारतीच्या छपरावरचं बर्फ सुटलं आणि खिडकीखालच्या त्या चार खुणांवर धप्पकन कोसळलं.

आता खरं तर आभार मानायचे. पण पाय गोठले होते आणि तीन वर्षांचं तुंबलेलं सगळं वर आलं.

“मला सांगायचं ना!” वेन्ला ओरडली. या अंगणात इमारत बांधल्यापासून कुणी ओरडलं नव्हतं. ए जिन्यातले पडदे हलले. “कुणीच कुणाला काही सांगत नाही इथे! तुम्ही दोनदा वाचता आणि सांगत नाही. मी वर बसून ‘तसं काही फार नाही’ म्हणते! आहे! फार आहे त्यात! चांगली आहे माझी मालिका. चांगली नाही, उत्तम आहे! पॅरिसला जा नाही तर सोलला, प्रत्येक इमारतीत कुणीतरी दारामागे श्वास रोखून उभं असतं आणि घंटा वाजायची वाट बघत असतं. वाजली की दिवा घालवतं! ते बघतील ही मालिका. न बघून जातील कुठे?”

हिएतालांनी फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग कौकोने हातमोजा काढून गाडीच्या आत बोट दाखवलं. दुलईच्या कडेला मॉनिटरचा हिरवा दिवा शांतपणे चमकत होता.

ओले मोजे वाजवत वेन्ला वर आली. पडद्यावर तिघंही होते तिथेच होते. तूइरेबाई भाषांतर संपवत होत्या : “...न बघून जातील कुठे.” त्यांचा आवाज सपाटच होता, पण त्यांनी कागदावर काहीतरी खोडून वर काहीतरी लिहिलं.

“सातवा प्रश्न,” सोलांज म्हणाल्या, “झाला.”

“मला अजून एक विचारायचंय,” दुआर्ते म्हणाले. “बाळाला नक्की थंडी वाजत नाही ना?”

मार्चच्या मध्यावर निर्णय आला. आठ महिने मंजूर. कारणांमध्ये लिहिलं होतं, ‘अर्जदाराने अंगणात केलेले निवेदन अर्जाचा भाग म्हणून ग्राह्य धरले आहे.’ वेन्लाने विमा कंपनीला रजा वाढवण्याचं पत्र लिहिलं. ते इतकं सुरेख झालं, की साहेबांनी आभार मानले.

तळघरात सौनाच्या दारावरच्या यादीत शनिवारच्या रकान्यात आता असं होतं : ‘७ ते ७.०८, हिएताला. ७.०८ ते ८, बाक. कॉफी, दोन कप.’ आणि जिन्यातल्या बोर्डावर नवी सूचना लागली होती :

‘आपल्या इमारतीतील एका रहिवाशाला सरकारी निधी मिळाला आहे. कृपया अभिनंदन करून त्या व्यक्तीला अवघडून टाकू नये.’

खाली पेन्सिलीने पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच शब्द पाच वेळा लिहिला होता : ‘छान.’

वेन्लाने लेम्पीला कडेवर सरकवलं, आजूबाजूला बघितलं आणि खिशातली पेन्सिल काढून खाली लिहिलं, ‘आभारी आहे. मालिका बरी होईल.’ ती जिना चढू लागली. सहा पायऱ्या चढली, थांबली, उतरली. ‘बरी’ खोडून तिने पेनाने, ठळक अक्षरात लिहिलं : ‘उत्तम’. आणि घरी जाऊन पहिला भाग लिहायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याखाली हिएतालांचं सुवाच्य अक्षर होतं : ‘बोर्डावर शाईने लिहू नये.’ पण शब्द कुणी खोडला नव्हता.